डबल बेल, पार्ट टू

गारगोटीची गाडी फलाटाला लागली आणि हिंदुरावमामा सगळ्यांत शेवटी उतरले. उतरण्याआधी मागे वळून त्यांनी रिकाम्या बाकांवरून एकदा नजर फिरवली, कुणी काही विसरलंय का ते बघितलं, आणि मग पाय खाली टाकला. निवृत्त होऊन त्यांना चार वर्षं झाली होती. अंगात कंडक्टरचा खाकी गणवेश होता.

"मामा, हे काय?"

"काय म्हंजे? पिक्चरवाला येणार हाय न्हवं आज?"

"तो गेम बघायला येणार आहे. तुम्हाला नाही."

"मग गेममधी कोण हाय?"

गणवेशाला कडक इस्त्री होती. पोटाजवळचं एक बटण राजीनाम्याच्या बेतात होतं. मिशी काळी केलेली होती, पण घाईत, त्यामुळे वरच्या ओठाचाही थोडा भाग तरुण दिसत होता. मी त्यांना या म्हटलं नव्हतं. रविवारी फोनवर मामीने 'कधी येणार रं तो पिक्चरवाला?' विचारलं आणि माझ्या तोंडून 'गुरुवारी' निघून गेलं, एवढंच. बाकीचं नियोजन गारगोटीत झालं.

"तुझ्या मामीनं सगळ्या गल्लीत सांगितलंय," मामा म्हणाले. "डेपोतली चार माणसं सोडाय आलीती. कदम ड्रायव्हर तर म्हणला, मला हिरो करा."

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणलं, बघतो. आपल्या हातात असंल तर करतो."

ही गोष्ट २००८ च्या मे महिन्यातली. मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो आणि कोल्हापुरातल्या एका ज्युनियर कॉलेजात अकरावीच्या मुलांना मराठी शिकवत होतो, म्हणजे मुलं विज्ञानाची जर्नलं पूर्ण करायची आणि मी समोर उभा राहायचो. माझा मित्र अभिनंदन चौगुले याला कॉम्प्युटर येत होता. आम्ही दोघांनी मिळून दोन वर्षांपूर्वी एक गेम केला होता. 'डबल बेल'.

गेम साधा होता. संध्याकाळची एसटी, पुढे घाट, घाटात धुकं. खेळणारा ड्रायव्हर. पण कंडक्टरने दोनदा बेल दिल्याशिवाय गाडी हलायची नाही, कितीही बटणं बडवा. आणि कंडक्टर बेल द्यायचा नाही, कारण लांब शेताच्या बांधावरून एक म्हातारी डोक्यावर पाटी घेऊन येत असायची. तिला गाडीपर्यंत यायला चाळीस सेकंद लागायचे. बाकीच्या गेममध्ये तेवढ्या वेळात शंभर माणसं मरायची. आमच्या गेममध्ये एक म्हातारी चढायची. मग पुढे धुक्यात, रस्ता दिसेनासा झाला की तीच मागून सांगायची, "डावीकडनं घे रं बाबा, उजवीकडं दरड आलीया." म्हातारीला सोडून जायची सोय नव्हती, म्हणून घाट पार व्हायचा.

त्या कंडक्टरचा आवाज मामांचा होता. अभिनंदनच्या झोपायच्या खोलीत भिंतींना गाद्या लावून मामांनी चार दिवसांत दोनशे बारा वाक्यं म्हटली. मी लिहून दिली होती ती वाचली आणि मग 'असं कुणी बोलत न्हाई' म्हणून स्वतःची म्हटली. बेलही त्यांचीच. निवृत्तीच्या दिवशी डेपोतल्या लोकांनी एका भंगारात निघालेल्या गाडीची बेल काढून, लाकडी पाटावर बसवून त्यांना दिली होती. तिची टण टण आम्ही गेममध्ये घातली.

सीडी कोल्हापूरपासून सावंतवाडीपर्यंत प्रत्येक कॉम्प्युटर क्लासात पोचली. बहुतेक ठिकाणी कॉपी करून पोचली. आपल्याकडे लोकमान्यता याच मार्गाने येते. शाळेतली पोरं रांगेत ओरडायला लागली, "आत सरका, आत लई जागा हाय, दारात काय लगीन हाय व्हय?" कागलच्या एका लग्नात वरपक्षाने मामांच्या हातात माइक देऊन जेवणाच्या मांडवात हेच वाक्य म्हणायला लावलं. लोक खरोखर आत सरकले.

गेम संपल्यावर पडद्यावर यायचं, 'भाग दुसरा लवकरच'. ही ओळ अभिनंदनने जागा रिकामी दिसत होती म्हणून टाकली होती. लोकांनी ती मनावर घेतली. पत्रं यायला लागली. पार्ट टू कधी? म्हातारी आहे का? कंडक्टरला मुलगी आहे का? आणि दर रविवारी सकाळी मामांचा फोन.

"पार्ट टू कुठवर आला रं?"

"येतोय मामा."

"घाटात हाय म्हण की."

"घाटातच आहे."

"सावकाश येऊ दे. पर सांगत ऱ्हा."

एवढी पार्श्वभूमी पुरे. मामांना भूक लागली होती, आणि इंगवले निर्माते दुपारी तीनला यायचे होते, म्हणजे साडेचारपर्यंत चिंता नव्हती. आम्ही स्टँडसमोरच्या हॉटेलात बसलो. मामांनी पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली बेल काढून टेबलावर ठेवली. तिच्या शेजारी चाळीस पानी वही ठेवली.

"ही काय?"

"नवी वाक्यं. तूच म्हणालावतास न्हवं जानेवारीत, रेकॉर्डिंग मागनं करू, तुम्ही लिवून ठेवा. शहाऐंशी झाल्याती."

मी वही उघडली. क्रमांक घालून, प्रत्येक वाक्यासमोर कंसात ते कुठे म्हणायचं हे लिहिलं होतं. 'सतरा. ओ पाव्हणं, कोंबडीला मांडीवर घ्या, ती उभ्यानं जाईल व्हय? (बाजाराचा दिवस).' 'एकेचाळीस. घाबरू नका, ड्रायव्हर आपला हाय. (धुक्यात, बायामाणसं असतील तर).'

"चांगली आहेत," मी म्हणालो. चांगलीच होती. माझ्यापेक्षा चांगली होती.

"एक घालायचं ऱ्हायलं." मामा चहा बशीत ओतत म्हणाले. "बिनतिकिटाचा पाशिंजर. पार्ट टूमधी एक पायजे. म्हंजे खेळणाऱ्यानं त्याला हुडकायचा."

"कसा हुडकायचा?"

"सोपं हाय. एकतीस वर्सं मी काय केलं? समद्या गाडीत एकच माणूस असा असतो की जो कंडक्टर आला की खिडकीतनं भाईर बघतो. असा बघतो, असा बघतो, जसं काय भाईर त्याचंच शेत हाय आणि त्यात कुणाची म्हस शिरलीया." मामांनी मान वळवून दाखवली. "त्याच्या खांद्याला हात लावायचा. बोलायचं न्हाई. आपसूक उठतो."

"चिडायचा नाहीत तुम्ही?"

"कशाला चिडायचं? तो बिचारा भाईरचं सगळं बघून दमलेला असतो."

हॉटेलमालक गल्ल्यावरून म्हणाला, "अहो, तुम्ही 'दारात काय लगीन हाय'वाले न्हवं? आवाजावरनं वळीकलं." मामांनी मिशीवरून हात फिरवला आणि त्याला तिथल्या तिथे ते म्हणून दाखवलं. दारात उभी असलेली दोन माणसं आत आली. मालक म्हणाला, "पार्ट टू कवा?"

"आजच बघाय चाललोय," मामा म्हणाले. "पिक्चरबी निघतोय त्याच्यावर."

रस्त्यावर आल्यावर मी म्हणालो, "मामा, पार्ट टू जरा वेगळा आहे."

"वेगळा म्हंजे? घाट बदलला?"

मी रिक्षाला हात केला.

"हो," मी म्हणालो. "घाट बदलला."

"बदलू दे की. घाट काय, कुठलाबी चालतो. गाडी आपली पायजे."

अभिनंदनचं ऑफिस राजारामपुरीत पहिल्या मजल्यावर होतं. एक खोली, दोन कॉम्प्युटर, एक खिडकी, आणि खिडकीसमोर रस्त्यापलीकडे दुकानांची रांग. अभिनंदनने दार उघडलं, आधी गणवेश बघितला, मग मिशी बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

"मामा आलेत," तो म्हणाला.

"आलेत," मी म्हणालो.

"बसा मामा. चहा सांगू?"

"चहा झाला. तू दाखवाय लाग. लई वाट बघाय लावलीस, लेका."

अभिनंदन हा मनाने हळवा आणि चेहऱ्याने जैन बोर्डिंगात वाढलेला मुलगा. खोटं बोलायची वेळ आली की तो वायर शोधायचा. आताही तो टेबलाखाली वाकला आणि इंगवले येईपर्यंत तिथेच राहिला.

इंगवले निर्माते पाच वाजता आले. जयंतराव इंगवले. त्यांनी दोन मराठी पिक्चर काढले होते, त्यांतला एक लागला होता आणि दुसरा लागायचा होता. गळ्यात साखळी, हातात दोन मोबाइल, आणि दोन्हींवर एकाच वेळी कुणाला तरी 'पोचतोय' सांगत ते खुर्चीत बसले. त्यांची नजर मामांवर गेली.

"हे कोण? आत्ताच ड्रेसवाला बोलावला?"

"माझे मामा," मी म्हणालो. "पहिल्या भागातला आवाज."

"अरे वा! 'दारात काय लगीन'! आमच्या मुलग्याला तोंडपाठ आहे. नमस्कार, नमस्कार."

मामा उठून उभे राहिले. "मिशी ठीक हाय न्हवं, साहेब? पडद्यावर जास्त काळी दिसंल असं आमचं पोस्टमन म्हणत हुतं."

"ठीक आहे की. मिशी एकदम झकास आहे." इंगवल्यांनी एक मोबाइल खिशात टाकला. मोठी बोलणी ते एकाच मोबाइलवर करत. "चौगुले, मला सांगा, पब्लिक वाट बघतंय ना पार्ट टूची?"

"बघतंय," अभिनंदन टेबलाखालून म्हणाला.

"मग बास. गेम दिवाळीत, पिक्चर पुढच्या मे महिन्यात. पण एक आहे. एवढा मोठा घाट, एवढं धुकं, आणि त्यात एक लव्ह स्टोरी नाही? वाया घालवलाय हो घाट. पिक्चरमध्ये हिरो ड्रायव्हर. घाटाखाली त्याची हिरॉइन, तिचं लग्न लागतंय दुसऱ्याशी. मुहूर्ताच्या आत गाडी खाली पोचली पाहिजे. आता बोला!"

"आणि पाशिंजर?" मामा म्हणाले.

"ते असतातच की मागे."

"न्हाई, म्हणजे एवढ्या घाईनं नेल्यावर त्यास्नी वकाऱ्या हुत्याल."

इंगवले मोठ्याने हसले. "टायमिंग आहे बघा यांना! चला, दाखवा."

अभिनंदन वर आला. त्याने पार्ट टू चालू केला. मला मान्य केलं पाहिजे, तो सुंदर झाला होता. पहिल्या भागात झाडं म्हणजे हिरवे गोळे होते. आता पानं हलत होती. गाडीच्या काचेवर धुक्याचं पाणी ओघळत होतं. फलाटावर माणसं उभी होती आणि प्रत्येकाला वेगळं नाक होतं. लांब, शेताच्या बांधावर, एक ठिपका दिसायला लागला.

"म्हातारी!" मामा म्हणाले. ते खुर्ची ओढून पडद्याला चिकटून बसले. बेल मांडीवर होती. "आली बघा. पाटी नवी दिलीया तिला."

ठिपका मोठा होत होता. मामांचा उजवा हात आपोआप वर गेला, डोक्यावरून जाणारी दोरी धरावी तसा, आणि तिथेच थांबला.

गाडी सुटली.

मामांचा हात वरच होता. पडद्यावर फलाट मागे पडला, झाडं मागे पडली. कोपऱ्यात आकडे पळायला लागले, सेकंद आणि गुण.

"बेल कुणी दिली?" मामा म्हणाले.

गाडी पहिल्या वळणावर झोकदार वळली आणि पन्नास गुण मिळाले.

"अरं थांब, थांब! म्हातारी खाली हाय!"

इंगवल्यांनी टाळी दिली. द्यायला कुणी नव्हतं म्हणून स्वतःच्या मांडीवर दिली. "काय बोलले! काय बोलले! हे ठेवा पिक्चरमध्ये. लिहून घ्या, सर. गाडी सुटते, आणि मागे धुळीत एक म्हातारा पळतोय, गाडी चुकलेला. मामा, हा रोल तुमचा. टायटलच्या आधीचा सीन. अख्खं थिएटर हसेल."

"साहेब," मामा म्हणाले, अगदी शांतपणे, "माझी कंदी गाडी चुकली न्हाई."

"नाही हो, पिक्चरमध्ये."

"व्हय. पिक्चरमधीबी."

अभिनंदनने गेम थांबवला. गाडी वळणावर अर्धी हवेत राहिली. पडद्यावर, गाडीच्या कपाळावर, गावाच्या पाटीखाली लिहिलं होतं: विनावाहक.

मामांनी ते एक एक अक्षर वाचलं. मग ते अभिनंदनकडे वळले.

"चौगुल्या. माझा आवाज कुठं गेला?"

अभिनंदनने माझ्याकडे बघितलं.

मी खिडकीतून बाहेर बघत होतो. समोर एका दुकानाची पाटी होती. पिवळ्यावर लाल अक्षरं. एक बाई पायरीवर उभी राहून पिशवीत काहीतरी शोधत होती. तिला ते सापडत नव्हतं. मी तिला मनातल्या मनात मदत करत होतो.

"कुणी काढला?" मामांनी विचारलं.

खोलीत पंखा फिरत होता. इंगवल्यांचा मोबाइल वाजला आणि ते 'पोचतोय' म्हणत जिन्यात गेले.

"मी काढला, मामा," अभिनंदन म्हणाला. "पोरांना घाई असते. थांबायला कंटाळतात. मी काढला. शिरीषला माहीत नव्हतं."

त्यावर मी वळलो. आणि मी म्हणालो, "अभ्या, मला एकदा विचारायचंस तरी."

मला अजून आठवतं, माझा आवाज कापला. चांगला कापला. अकरावीच्या मुलांना कविता शिकवताना मला कधी तसा लावता आला नव्हता.

अभिनंदन माझ्याकडे बघत राहिला. बराच वेळ. मग तो म्हणाला, "चुकलं."

मामांनी बेल टॉवेलात गुंडाळली. वही पिशवीत घातली, मग काढून टेबलावर ठेवली, मग परत पिशवीत घातली. "म्हातारीला तरी घ्यायचं हुतं," एवढंच म्हणाले.

इथपर्यंतचा किस्सा मी गेली सतरा वर्षं सांगत आलो आहे. लग्नांत, स्टाफरूममध्ये, दोन दिवाळी अंकांत. मित्राने माझ्या भोळ्या मामाला कसं फसवलं, आणि माझ्या पाठीमागे. 'बेल कुणी दिली?' या वाक्यावर लोक आधी हसतात आणि मग हसल्याचं त्यांना वाईट वाटतं. त्यानंतर अभिनंदनला शिव्या पडतात. मी म्हणतो, जाऊ दे, तरुण होता, महत्त्वाकांक्षा असते एकेकाला. मोठेपणा मला शोभतो असं लोकांनी सांगितलं आहे.

पुढचं कुणी विचारत नाही, पण सांगतो. पार्ट टू दिवाळीत आला आणि तुळशीच्या लग्नापर्यंत संपला. एकच पत्र आलं, आजऱ्याहून, सहावीतल्या मुलीचं. 'म्हातारी मागे राहते. तिला आणायला परत कसं जायचं? कुठलं बटण दाबायचं?' असं बटण नव्हतं. गाडीला मागे जाताच येत नव्हतं. पिक्चरचा मुहूर्त झाला, नारळ फुटला, पेढे वाटले गेले आणि इंगवले अजून पोचताहेत. अभिनंदन त्याच वर्षी बंगळूरला गेला. त्याने माझ्याबद्दल कुणाला कधी काही सांगितलं नाही. मी चौकशी केली आहे.

सांगताना मी दोन गोष्टी वगळतो.

पहिली मार्च महिन्यातली. इंगवले आधी मला एकट्यालाच भेटले होते. म्हणाले, "सर, हिरो केबिनमध्ये एकटा पाहिजे. तो म्हातारा कंडक्टर सारखा मधे बोलतो. गेम आणि पिक्चर एकसारखे असले पाहिजेत, नाहीतर पब्लिक गोंधळतं. कथा-पटकथा-संवाद तुमचं. टायटलमध्ये वेगळी फ्रेम." वेगळी फ्रेम म्हणजे पडद्यावर फक्त माझं नाव, दुसरं कुणाचं नाही, तीन सेकंद. मी घरी येऊन पार्ट टूसाठीच्या बदलांची यादी केली. चौथा मुद्दा माझ्या अक्षरात आहे: 'कंडक्टर वगळणे. म्हातारी देखाव्यापुरती ठेवणे.' अभिनंदन ते वाचून दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मामांना काय सांगायचं?"

"मी सांगतो," मी म्हणालो.

त्यानंतर नऊ रविवार गेले. प्रत्येक रविवारी फोन आला. प्रत्येक रविवारी मी म्हणालो, घाटात आहे.

दुसरी गोष्ट त्याच गुरुवारची, स्टँडवरची.

गारगोटीची सहाची गाडी लागली होती. रिक्षातून येताना मी अभिनंदनबद्दल बरंच बोललो. विश्वास, मैत्री, असले शब्द त्यात होते. मामा ऐकत होते. गाडीत चढताना त्यांनी कठड्याला हात लावला, आत गेले, दाराजवळच्या बाकावर खिडकीशी बसले आणि पिशवी मांडीवर घेतली. मी खाली, खिडकीजवळ उभा राहिलो.

"मामा, वही मला द्या. मी त्याचं काहीतरी करतो. लेख करतो."

"ऱ्हाऊ दे."

"अभ्याला मी सोडणार नाही."

"व्हय."

ड्रायव्हर चढला. गाडी धडधडायला लागली. मामांनी खिडकीची काच आणखी थोडी सरकवली आणि माझ्याकडे बघितलं. चिडलेले अजिबात दिसत नव्हते.

"शिऱ्या, त्या चौगुल्याच्या खिडकीसमोर दुकान हाय बग. पिवळी पाटी. काय नाव रं त्येचं?"

"पद्मावती ड्रेसेस," मी म्हणालो. "शालेय गणवेश, स्वेटर व टाय योग्य दरात मिळतील. प्रोप्रायटर बी. ए. उपाध्ये. सोमवारी बंद."

मामा मान हलवत राहिले. मी थांबलो तरी त्यांची मान थोडा वेळ हलत होती.

"पाठ हाय की सगळं," ते म्हणाले.

मग खिडकीतून हात बाहेर काढून त्यांनी माझ्या खांद्यावर ठेवला. पुढे काही बोलले नाहीत. हात हलका होता, आणि तो होता तोवर मला कुठेही वळून बघता येईना. मामांना बहुतेक वाटलं असावं की मी आता काहीतरी बोलेन. त्यांना थांबायची सवय होती. चाळीस सेकंद तरी ते थांबले असतील.

मी बोललो नाही. त्यांनी हात आत घेतला.

कंडक्टर नवीनच लागलेला, तिशीच्या आतला होता. त्याने दारात उभं राहून फलाटावर नजर टाकली, दोरी धरली, आणि मी खिडकीला इतका चिकटून उभा आहे हे बघून थांबला.

"पाव्हणं, येणार हायसा का?" तो मला म्हणाला. मग त्याला मामांचा गणवेश दिसला आणि त्याने आदराने त्यांनाच विचारलं, "काका, तुमच्यासंगं हायत काय ते? थांबू?"

मामा समोर बघत होते, ड्रायव्हरच्या काचेतून, पुढच्या रस्त्याकडे.

"न्हाई," ते म्हणाले. "तो खालीच हाय. दे डबल."